मुलीचे मामा, बहिरू काकळीज

बहिरूमामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मांडवात आधी त्यांच्या मिशा आल्या. त्यांच्यामागून फेटा आला. मग बराच वेळ कुणीच आलं नाही, आणि मग उरलेले बहिरूमामा आले. त्यांची उंची मी आजवर कुणाला खरी सांगितलेली नाही, कारण खरी सांगितली तरी लोक फेकतोय असंच समजतात. मांडवाच्या मधल्या वाशाला त्यांनी वाकून नमस्कार केला असं मला वाटलं. ते नुसते खालून जात होते.

साल त्र्याहत्तर. दुष्काळाचा उन्हाळा. नाशिकला पंचवटीत, मालेगाव स्टँडच्या मागे, आमच्या घरासमोर माझ्या धाकट्या बहिणीचं, शालनचं लग्न होतं आणि लग्नात सगळं होतं, फक्त मामा नव्हते. आमचे सख्खे मामा सटाण्याला रुसून बसले होते. पत्रिका द्यायला वडिलांनी स्वतः न जाता मला पाठवलं, यात म्हणे त्यांचा अपमान झाला. मी गेल्यानं माणसाचा अपमान होतो हे मला तेव्हा प्रथम कळलं. पुढे नोकरीत त्याची खात्री पटली.

गुरुजींनी अंतरपाट झटकला आणि लाउडस्पीकरवाल्यानं आपली नेहमीची आरोळी दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." ही आरोळी गंगेपलीकडे, म्हणजे आमच्या गोदावरीपलीकडे, रविवार कारंजापर्यंत गेली असणार आणि तिथले दहा-वीस मामा दचकून उभे राहिले असणार. आमच्या मांडवात मात्र शांतता. वडील आईकडे बघू लागले, आई सटाण्याच्या दिशेला बघू लागली. मुलाकडच्या एक आत्याबाई पुरेशा मोठ्यानं कुजबुजल्या, "मामासुद्धा नाही, बाई. काय घर बघितलंत."

बहिरूमामा नगरपालिकेत होते. आमच्या भागाच्या नळांना पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे. त्या दिवशी ते लग्नाचे पिंप भरून द्यायला आले होते आणि मागच्या अंगाला पाइप गुंडाळत उभे होते. आरोळी तिसऱ्यांदा झाली तेव्हा तिकडून आवाज आला, "कोणाच्या पोरीला मामा नाय?" त्या आवाजानं आचाऱ्याच्या हातातला झारा कढईत पडला, मुलाकडचा वाजंत्रीवाला चुकून वाजवायला लागला आणि आत्याबाईंच्या मांडीवरचं तान्हं, जे सकाळपासून रडत होतं, ते एकदम गप्प झालं. मग वर सांगितलेल्या क्रमानं मामा मांडवात आले. खाकी शर्ट, खाली धोतर, डोक्याला तांबडा फेटा. वडिलांपुढे उभे राहून म्हणाले, "मी चालंल का?"

हा प्रश्न त्यांनी इतक्या हळू विचारला की वडिलांना ऐकू जायला त्यांना तो दोनदा विचारावा लागला. एवढा डोंगरासारखा माणूस, आणि नकाराला इतका घाबरलेला मी दुसरा पाहिला नाही. वडील म्हणाले, "उपकार होतील."

मामांनी हात धोतराला पुसले, घरात गेले, शालनला धरून आणलं आणि पाटावर तिच्या पाठीमागे उभे राहिले. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या, आणि मुलाकडच्या आणि मुलीकडच्या सगळ्यांनी मिळून जेवढं रडायला हवं होतं तेवढं बहिरूमामा एकटे रडले. वडिलांना वाटलं माणूस प्यायलेला आहे. पंगत उठायच्या आत ते निघूनही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. बरोबर त्यांच्या मंडळी, आक्काबाई. हातात पिवळी साडी. "मामाची पिवळी द्यायची राहिली," मामा म्हणाले. लग्नातली पिवळी साडी मामाकडून यायची, ही रीत. पण कालपर्यंत ज्याचं नाव माहीत नव्हतं त्या माणसाकडून ती यावी हे जरा जास्तच होतं. वडील नको नको म्हणत राहिले. मामा साडी शालनच्या हातात देऊन नळाकडे निघून गेले. आक्काबाई स्वयंपाकघरात आईजवळ बसल्या आणि मी दाराशी उभा राहून, पाणी पितोय असं दाखवत, सगळं ऐकलं.

"वेडे नाहीत ते, ताई," आक्काबाई म्हणाल्या. "बहीण आहे त्यांना. एकच. चांगुणा. जिवंत आहे. पण ह्यांनी तिचं दहावं घातलंय."

आईनं हातातली कढई खाली ठेवली.

नांदगावकडच्या एका खेड्यात काकळीजांची शेती. गावच्या शाळेवर भिमाजी गुरुजी नावाचे तरुण मास्तर होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीतले, आदल्याच वर्षी बौद्ध झालेले. चांगुणानं सत्तावन साली त्यांच्याशी लग्न केलं. कुणाला विचारून केलं असतं तर झालंच नसतं, म्हणून न विचारता केलं. बहिरूमामांचे वडील पुंजाबा यांनी गावात सांगितलं की मुलगी मेली. नुसतं सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी बहिरूला नदीवर नेलं, डोकं भादरायला लावलं आणि भावाच्या हातून बहिणीचे पिंड ठेवले.

"आणि कावळा शिवेना," आक्काबाई म्हणाल्या. "शिवणार कसा? बाई तिकडं मनमाडला भाकरी थापत होती. ऊन डोक्यावर आलं तरी शिवेना. सगळ्या गावात तेवढा कावळाच शहाणा निघाला. शेवटी सासऱ्यांनी दर्भाचा कावळा करून शिववला."

"आणि हे?" आईनं विचारलं.

"हे बसले होते. तीस वर्षांचा बाप्या. उठायला काय झालं होतं? नाही उठले." आक्काबाईंनी पदरानं नाक पुसलं. "आता म्हातारा गेला. शेत चुलत्यांनी घेतलं. आम्हाला पोरबाळ नाही. चांगुणेला एक मुलगी आहे एवढं ऐकून आहोत. ते आरोळी देतात ना, मुलीचे मामा म्हणून? ती आरोळी ऐकली की हे कुठंही असू देत, उठून उभे राहतात."

त्या दिवसापासून ते आमचे मामा झाले आणि आक्काबाई मामी. सटाण्याच्या खऱ्या मामांचा रुसवा पुढच्या वर्षी निघाला, पण तोपर्यंत जागा भरली गेली होती.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्या भागात ज्या मुलीला मामा नसेल, किंवा असून लांब असेल, किंवा जवळ असून बोलत नसेल, तिच्या घरचे लोक पाण्याच्या टाकीशी येऊन उभे राहू लागले. काही लोक म्हणत, पाणीवाल्याशी नातं जोडलेलं बरं, नळ अर्धा तास जास्त चालतो. हे साफ खोटं होतं. माझ्या बहिणीचे मामा असूनही आमच्या नळाला त्यांनी एक मिनिट जास्त पाणी कधी सोडलं नाही. मी स्वतः पाटबंधारे खात्यात कारकून. माझ्या खात्याकडे सगळी धरणं होती आणि मामांकडे एक चावी. पण गल्लीतल्या बायका नमस्कार कुणाला करत हे सांगायला नको.

आमच्या भागात सगळ्या तऱ्हेचे लोक. त्यामुळे मामांना सगळ्या तऱ्हेची लग्नं मिळाली. कापडवाल्या गुजराथी कुटुंबाच्या लग्नात मामानं मुलीला उचलून मांडवात आणायचं असतं. ती मुलगी चांगल्या खात्यापित्या घरातली होती. मामांनी तिला उचललं, मांडवात आणलं आणि नंतर आठवडाभर नळाची चावी डाव्या हातानं फिरवली. त्यांच्याकडे मामानं ताटंच्या ताटं भरून मामेरं आणायचं असतं म्हटल्यावर ह्यांनी एका ताटात पिवळी साडी ठेवली आणि बाकीच्या ताटांतून आपल्या गावाकडची बोरं, शेंगा आणि हुरडा भरून नेला. तो शेठ भला माणूस. त्यानं सगळ्या पाहुण्यांसमोर हुरडा तोंडात टाकला आणि मामांना मिठी मारली.

शरणपूरला आमच्या ओळखीच्या नर्सबाईंच्या मुलीचं लग्न चर्चमध्ये झालं. मुलीचे वडील नव्हते, मामाही नव्हते. दारात एका गृहस्थांनी फेटा काढायला सांगितला. "फेटा काढला तर मामा वळखू कसा येणार?" मामांनी विचारलं. गृहस्थ म्हणाले, "इथं देव ओळखतो." मामांना ते पटलं आणि त्यांनी फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला, तो मी काढून काखेत धरला. मुलीच्या झग्याचा पांढरा घोळ मागे वीतभर नाही, चांगला दोन-तीन हात लोळत होता. तो मळतोय हे बघून मामांनी तो उचलून खांद्यावर घेतला. पाद्रीसाहेबांनी विचारलं, या कन्येला कोण देत आहे? मामा आपल्या नळावरच्या आवाजात म्हणाले, "देत कोणी नाय साहेब. मी मामा हाय." पाद्रीसाहेबांनी थोडा विचार केला आणि पुढे वाचायला लागले.

पण मामा सगळ्यांत जास्त गप्प झाले ते टँकरवाल्या युसूफभाईंच्या मुलीच्या निकाहानंतर. तिथं त्यांचं काहीच काम नव्हतं. साक्षीदार त्यांच्यातलेच लागतात. तरी युसूफभाई म्हणाले, "मामा, तुम्ही पडद्यापाशी खारकांचं ताट घेऊन उभे राहा." वकील आणि साक्षीदार आत गेले आणि मुलीला विचारलं, कबूल आहे का. परत विचारलं. पुन्हा विचारलं. मामा ताट धरून ऐकत होते. येताना पुलावर सायकल थांबवून ते मला म्हणाले, "पोरीलाच विचारतात, भाऊ. सगळ्यांसमोर विचारतात. माझी बहीण आपल्या तोंडानं हो म्हणाली तर आमी तिला जाळली." मी म्हटलं, "तुम्ही कुठं जाळली, मामा?" ते म्हणाले, "जाळल्याबिगर दहावं व्हतं का?"

मामानं पाठीमागं का उभं राहायचं, यावर त्यांचं स्वतःचं मत होतं. लग्न लावणारे गुरुजी सांगत, मामा म्हणजे आजोळ, आईच्या घरानं मुलीला पाठबळ द्यायचं. बहिरूमामा म्हणत, तसलं काय नाय. अंतरपाट बाजूला होतो ना, त्या क्षणाला पोरगी दचकते. नवरा कितीदा बघितलेला असू दे, अर्धं पाऊल मागं सरतेच. "तवा तिची पाठ कशाला तरी लागली पाहिजे. हवेला लागली तर जन्मभर हवाच लागते." शालनसुद्धा मागे सरली होती, असं ते सांगत. शालनला विचारलं तर ती म्हणाली, हो.

ज्या अर्ध्या पावलासाठी ते दहा वर्षं परक्या मुलींच्या मागे उभे राहिले, ते त्यांना एकाच मुलीचं हवं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नसे. मामींनी तेवढं एकदा हळदीच्या गडबडीत सुनावलं होतं, "सगळ्या नाशकाचे मामा झालात. आता स्वतःच्या भाचीचं नाव तरी विचारून या."

ते नाव मीच घरी घेऊन आलो. त्र्याऐंशी साली. आमच्या ऑफिसात केदारे नावाचा ट्रेसर होता, नकाशे काढणारा, गोड स्वभावाचा मुलगा. त्याचं लग्न ठरलं. मामा-मामी आमच्याकडे चहाला आलेले असताना मी सहज म्हणालो, "मुलगी शिक्षिका आहे. विशाखा नाव. सातपूरला राहतात. वडील रिटायर हेडमास्तर, मूळचे नांदगावकडे नोकरीला होते. भिमाजी गुरुजी."

मामांनी कप खाली ठेवला. मामी म्हणाल्या, "विशाखा." आणि पुन्हा म्हणाल्या, "विशाखा." मग नवऱ्याकडे वळून, "आता जा. उंबऱ्यावर झोडपलं तरी झोडपून घ्या, पण जा."

"एकटा?" मामा म्हणाले.

म्हणून मी बरोबर गेलो.

सातपूरच्या नव्या कॉलनीतलं बसकं, स्वच्छ घर. दार उघडलं आणि ओळख करून द्यायची गरज राहिली नाही. समोर बहिरूमामाच उभे होते, फक्त मिशा नव्हत्या आणि अंगावर नऊवारी होती. तीच उंची, तेच नाक, चौकटीखाली तसंच वाकणं.

"कोण पाहिजे?" चांगुणाबाई म्हणाल्या.

"चांगू," मामा म्हणाले.

"चांगू मेली. सत्तावन साली. तुमी केस उतरवले व्हते तिच्या नावानं. तुमाला ठावं नाय?"

आतून गुरुजींचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

"नगरपालिकेचे पाणीवाले आलेत," चांगुणाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. दार मात्र उघडं राहिलं.

मामांच्या अंगावर त्या दिवशी खाकी नव्हती. धुतलेलं धोतर आणि लग्नातला कोट होता. आपण काय काम करतो हे त्यांनी सांगितलं नव्हतं, तरी चांगुणाबाईंना ते ठाऊक होतं. मामांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी एकदम खाली आपल्या कोटाकडे बघितलं.

गुरुजी बाहेर आले. गोरेगोमटे, चष्मेवाले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी "बहिरूभाऊ, आत या" असं म्हटलं, जणू काय मधली सव्वीस वर्षं मामा कोपऱ्यावर तंबाखू आणायला गेले होते. विशाखा शाळेत गेली होती. चहा आला. मामांनी कप हातात धरला आणि जे बोलायचं होतं ते थेट बोलून टाकलं. "पोरीच्या लग्नात मला तिच्या मागं उभं राहू द्या. दुसरं काय मागत नाय."

गुरुजींनी चष्मा पुसला. "बहिरूभाऊ, आमच्या पद्धतीत ते नसतं. कन्यादान नाही. अंतरपाट नाही. मुलगी ही काही द्यायची वस्तू नाही, म्हणून देणाराही नाही आणि धरणाराही नाही. मुलगा आणि मुलगी समोर बसतात, आपल्या तोंडानं प्रतिज्ञा घेतात, हार घालतात. झालं लग्न."

"मी देत नाय हो गुरुजी," मामा म्हणाले. "मी नुसता उभा राहतो."

चांगुणाबाई आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्या बोलल्या तेव्हा तुमी गेलं होतं आणि तू आलं होतं. "माझ्या मागं कोणी उभं राहायला पायजे व्हतं, बहिरू, तवा तू नदीवर पीठ मळत बसला व्हता. मी मनमाडला रोज वाट बघितली. म्हटलं, बाप येणार नाय, पण बहिरू येईल. शिव्या द्यायला का व्हयना, येईल. मग तिकडनं माणूस आला आणि म्हणाला, तुजं दहावं झालं."

मामा कपाचा कान बोटानं पुसत राहिले.

"पोरीला मामा हाय हे मी कधी सांगितलं नाय. मेलेल्या बाईला भाऊ कुठून आणू?" मग पदर नीट करून त्या पुन्हा मूळ सुरावर आल्या. "लग्नाला या. जेवा. लग्नाला आलेल्याला आमी नको म्हणत नाय."

परत येताना मी मामांना धीर द्यायला म्हटलं, या म्हणाल्या ना, म्हणजे झालंच. मामा म्हणाले, "पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाली." आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी जाऊन पिवळी साडी आणली. त्या लग्नात ती कुणी नेसणार नाही हे गुरुजींनी त्यांना जवळजवळ सांगितलं होतं. पण मामा इतक्या जातींच्या, इतक्या धर्मांच्या लग्नांत घुसले होते, आणि दर ठिकाणी त्यांना कुठंतरी उभं राहायला जागा मिळाली होती. इथंही मिळेल, असं त्यांना वाटत होतं. ऐन वेळेला कुणीतरी म्हणेल, मुलीच्या मामांनी पुढे यावं.

लग्न दुपारी शाळेच्या मैदानावर होतं. मंचावर पांढरी चादर, बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, उदबत्त्या. मामा फेटा बांधून, साडीची पिशवी घेऊन दुसऱ्या रांगेत बसले, त्यांच्यामागच्या तीन रांगांना काही दिसेना. मी, मामी आणि माझी बायको शेजारी. मामांनी घरून मुठीत अक्षता आणल्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "बाबा, आमच्यात तांदूळ नाय टाकत. ही घ्या फुलं." मामांनी अक्षता कोटाच्या खिशात सोडल्या आणि हात पुढे केला.

मुलगी आली. पांढरी साडी, केसांत पांढरी फुलं, आणि उंची काकळीजांची. मामी माझ्या बायकोच्या कानाशी लागल्या, "आमच्या आईनं हा रंग जन्मभर दुसऱ्या कारणानं नेसला गं." मग बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पण पोरीला शोभतो."

त्रिशरण, पंचशील झालं. विशाखानं आपल्या प्रतिज्ञा म्हटल्या. शिक्षिका होती, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हटल्या, कुठंही अडखळली नाही. मग दोघं समोरासमोर उभी राहिली. इतर लग्नांत या वेळी अंतरपाट बाजूला होतो. माझी नजर मामांकडे गेली. ते खुर्चीतून अर्धे उठले होते आणि त्यांचे दोन्ही तळवे छातीच्या उंचीला आलेले होते. मध्ये कापड नव्हतं, त्यामुळे बाजूला व्हायला काही नव्हतं. विशाखा मागे सरली नाही. उलट एक पाऊल पुढे गेली आणि हार घातला. लोक साधु, साधु म्हणाले, फुलं पडली. मामींनी मामांचा कोट ओढून त्यांना खाली बसवलं. फुलं त्यांच्या मुठीतच राहिली होती.

नंतर नवरा-नवरी पाहुण्यांमध्ये फिरत होती. केदारेला आमच्या ऑफिसवाल्यांनी घेरलं. विशाखा आईबरोबर आमच्याकडे आली. मला, बायकोला, मामींना जयभीम केला. मग मामांपुढे आली आणि वर बघून हसली. तिच्या आयुष्यात तिला मान वर करून बघावं लागेल अशी माणसं फार नसणार.

"काका, तुम्ही मुलाकडचे ना?" ती म्हणाली.

मामा चांगुणाबाईंकडे बघत होते. चांगुणाबाई मुलीच्या शेजारीच उभ्या होत्या आणि त्यांनीही मामांकडेच बघितलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील. मामींनी माझ्या बायकोचा हात इतका दाबला होता की बांगडी पिचली. चांगुणाबाईंनी हात पुढे करून मुलीच्या केसांतलं फूल सारखं केलं. एवढी वर्षं जी गोष्ट घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या होत्या, ती एका दुपारी हातातून कशी सोडायची हे त्यांना समजलं नसावं, असं मी आपलं समजतो. मामींचं मत वेगळं होतं.

"हो," मामा म्हणाले. "मुलाकडचा."

"जेवल्याशिवाय जाऊ नका हं," विशाखा म्हणाली आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळली. चांगुणाबाई क्षणभर मागे राहिल्या. मग कुणाकडे न बघता वाढणाऱ्या पोरांना म्हणाल्या, "यांना आधी बसवा," आणि त्याही गेल्या.

आम्ही जेवलो. बुंदी होती, वांग्याची भाजी होती. मामांनी पानातलं सगळं संपवलं, कुणी दुसऱ्यांदा वाढायला आलं तर तेही घेतलं. पिशवी पायाशी ठेवली होती, ती उचलून बसमध्ये बसले. त्र्यंबक नाका आला. मग म्हणाले, "मागं नाय सरली पोरगी."

"नाही सरली," मी म्हणालो.

"चांगूनं चांगली वाढवली."

मामी खिडकीबाहेर बघत होत्या. रागावल्या की त्यांच्या तोंडात माहेरची सटाण्याची भाषा यायची, तशी आता आली. "मामा शे म्हणानं व्हतं," त्या म्हणाल्या. मामा आहे म्हणायचं होतं. मामा म्हणाले, "तिनं म्हणायला पायजे व्हतं. मी म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं."

पुढच्या उन्हाळ्यात टाकीशी लोक नेहमीसारखे आले. मामांनी प्रत्येकाला सांगितलं की गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही. लोकांनी एक-दोनदा आग्रह केला, मग दुसरे मामा शोधले. मांडवात आरोळी झाली की मामा आता उठत नसत. पाण्याचं काम करत राहायचे. ती पिवळी साडी मामींनी कुणाच्या तरी मुलीला देऊन टाकली; कुणाच्या, ते मला आठवत नाही.

केदारेची लग्नाच्या पुढच्याच वर्षी धुळ्याला बदली झाली आणि ती दोघं तिकडे गेली. गुरुजी आणि चांगुणाबाईही पाठोपाठ लेकीकडे राहायला गेले. मामा पंच्याऐंशीत निवृत्त झाले, मामींबरोबर सटाण्याला गेले, आणि सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात कावीळ होऊन तिथेच वारले. मी ऑफिसच्या फोनवरून धुळ्याला केदारेला कळवलं. तो म्हणाला, "कोण काकळीज?" मी म्हटलं, तुझ्या लग्नाला माझ्याबरोबर आले होते. त्याला आठवलं नाही.